चौदा नंबरच्या मागे पंधरा नंबर

निर्मला घोडके बाई नसत्या तर मी अमेरिका पाहिली नसती आणि हे लिहायलाही बसलो नसतो. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्या आम्हाला गणित आणि भूमिती शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. वडील बाजार समितीत हमाल, आई शेतात रोजानं जायची. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा अर्ज बाईंनी माझ्या शेजारी बसून भरला. प्रवेशाच्या दिवशी त्या माझ्यासोबत एसटीनं आल्या आणि मी कॉलेजच्या फाटकातून आत जाईपर्यंत बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. परत येऊन लगेच दुपारचा तासही घेतला, असं नंतर वर्गातल्या मुलांकडून कळलं.

मी तीन आठवडे मिशिगनला जाऊन आलो, तेव्हा गावातल्या लोकांनी हौसेनं चौकशी केली. नायगारा पाहिलास का, बर्फ पडलं का, पगार किती असतात. नायगारा मी पाहिला नाही, बर्फ अजून पडायचं होतं, पगार मी विचारले नाहीत. मग पाहिलंस तरी काय, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मी तिथे चांगली माणसं पाहिली, लाल झालेली झाडं पाहिली, आणि बहुतेक दिवस घाबरलेला होतो.

नोव्हाय

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करतो, ती मोठ्या गाड्यांच्या चारही बाजूंना लावायचे कॅमेरे आणि त्यांच्या वायरिंगचे संच बनवते. मिशिगनमधल्या नोव्हाय या शहरापासून पाऊण तासावरच्या एका छोट्या गावातल्या वर्कशॉपनं हे संच घेतले होते. रुग्णवाहिका, आगीचे बंब अशा खास गाड्यांवर ते बसवायचे होते. बसवताना आमचा कुणीतरी हजर हवा म्हणून मला पाठवलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या कुणी मला वाईट वागवलं नाही.

राहायची सोय कंपनीतल्या एका मित्राच्या ओळखीनं अरविंदकाका आणि शैलाकाकूंकडे झाली. दोघं मूळचे नागपूरचे, नोव्हायला पंचवीस वर्षांवर झाली. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी रिया तिथेच जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स आहे, शनिवार-रविवार घरी येते.

पहिल्या सकाळी मी दूध आणायला पायी निघालो, तर काकू दारात आडव्या आल्या. "पायी? इथे पायी कोण जातं रे? कुत्रं फिरवायला निघाल्यासारखा दिसशील, आणि हातात कुत्रंही नाही." तरी मी गेलो. फूटपाथ अर्ध्या वाटेत संपला. पुढे गवत आणि रस्ता. दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये एक पिकअप माझ्या समोर येऊन थांबली. माझी उंची पाच फूट तीन इंच. तिचं बॉनेट माझ्या गळ्यापर्यंत होतं. आतला माणूस मला दिसत नव्हता, काचेत आभाळ दिसत होतं. तो मला पाहून थांबला की जागा शोधायला थांबला, मला कळलं नाही. मी हात जोडले आणि बाजूला झालो.

आपल्याकडे गाडी आधी कानाला कळते. एसटी, ट्रॅक्टर, जीप, सगळे ओरडत येतात, शिवी द्यावी तसा हॉर्न देतात, पण निदान सांगतात की आम्ही आलो. इथे हॉर्न कुणी वाजवत नाही. घराएवढ्या गाड्या मुकाट्यानं वळतात, मुकाट्यानं मागे येतात. शिस्त फार छान आहे, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण त्या शांततेत माझी मान सारखी मागे वळायची.

काकांकडेही तशीच पिकअप होती. पहिल्या दिवशी मी सवयीनं डाव्या दारानं चढायला गेलो आणि स्टिअरिंगसमोर पोचलो. मग उजवीकडून चढताना पायरीवरून घसरलो आणि गुडघा सोलून घेतला. काकूंनी हळद लावली. मी काकांना विचारलं, एवढी उंच गाडी कशाला घेतली. ते म्हणाले, "अरे, आधी छोटी होती. मग बाजूचे सगळे उंच झाले. सिग्नलला थांबलो की दोन्हीकडे नुसती टायरं दिसायची. भीती वाटायची यार, म्हणून अपग्रेड केली."

रिया फोनच्या स्पीकरवर होती, तिथूनच म्हणाली, "बाबा, आता छोट्या गाडीतले लोक तुला घाबरतात. आणि तू त्यात कॅरी काय करतोस? युअर लंचबॉक्स."

काका हसले. मीही हसलो, पण ती बोलली ते मनात राहिलं. एकाच्या भीतीनं दुसऱ्यानं गाडी वाढवायची, दुसऱ्याच्या भीतीनं तिसऱ्यानं.

मंगळवार, वर्कशॉप

वर्कशॉपमध्ये माझ्यासोबत काम करणारा फिटर म्हणजे डग. साठीचा, पोट सुटलेला, सदा टोपी घातलेला, बोलायला मोकळा माणूस. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी त्यानं मला मागच्या शेडमध्ये नेलं आणि म्हणाला, आज ही करायची.

ती गाडी पाहून मी दारातच थांबलो. आपल्याकडे २६ जानेवारीच्या संचलनात टीव्हीवर जी वाहनं दिसतात, तसली. चाकं माझ्या छातीएवढी. काचा लहान, जाड, हिरवट. रंग काळा, बाजूवर गावच्या पोलिसांचं चिन्ह. डगनं सांगितलं की ही लष्कराची, सुरुंगावरून गेली तरी आतली माणसं वाचावीत अशी बांधलेली. युद्ध संपल्यावर लष्कराला नको झाली, तेव्हा मागणी करणाऱ्या पोलिसांना अशा गाड्या मिळाल्या. दाराच्या कडेला रंगाचा पोपडा उडाला होता, तिथे खालून वाळूचा पिवळा रंग दिसत होता. त्या रंगावर मी बोट ठेवलं. ही गाडी कुठल्या वाळवंटात फिरून आली असेल आणि तिनं काय पाहिलं असेल, हे विचारायचं धाडस झालं नाही.

या एवढ्याशा गावात हिचं काम काय, असं मात्र मी विचारलं. डग म्हणाला, एकदा पुराच्या पाण्यातून म्हाताऱ्या बायकांना काढलं. एकदा एक माणूस घरात बंदूक घेऊन बसला होता, तेव्हा नेली. बाकी परेडमध्ये चालवतात, मुलं वर चढून फोटो काढतात.

माझं काम ठरलेलं होतं. ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसवायचा. गाडीच्या नाकासमोर नारिंगी कोन ठेवायचा आणि वरच्या माणसाला त्याचं टोक दिसेपर्यंत तो पुढे सरकवत न्यायचा. जितका पुढे जाईल तितकी जमीन ड्रायव्हरला आंधळी. साध्या कारसमोर दोन पावलं जावं लागतं. डग वर बसला, मी कोन सरकवत गेलो. सात पावलं गेलो, तेव्हा तो म्हणाला, दिसला. मग मी स्वतः नाकासमोर उभा राहिलो आणि त्याला विचारलं, मी दिसतो का. वरून आवाज आला, "तू अजून इथेच आहेस? मला वाटलं जेवायला गेलास."

त्यावर तो बराच वेळ हसला.

कॅमेरा बसवला की ही जमीन पडद्यावर दिसते, त्यासाठीच तर मी गेलो होतो. पण आमचा संच जोडायला घेतला तर वायरिंगचा कनेक्टर बसेना. आम्ही पुण्याहून चुकीच्या मापाचा पाठवला होता. चूक आमची होती. मी पुण्याला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "संतोष, तू तिथे कुणाशी काही बोलू नकोस. पार्ट उशिरा येतोय एवढंच सांग. बाकी मेल मी करतो." मी हो सर म्हणालो. मोठ्यांनी सांगितल्यावर हो म्हणणं ही माझी जन्माची सवय आहे.

डगला मी तेवढंच सांगितलं, पार्ट उशिरा येतोय. तो म्हणाला, हरकत नाही, शनिवारी त्यांना परेडसाठी गाडी हवीच आहे, ते घेऊन जातील, सोमवारी परत आणतील. कॅमेऱ्याशिवाय चालवतात का, मी विचारलं. आजवर तशीच चालवली, तो म्हणाला. अडचणीच्या जागी एक पोलीस पुढे पायी चालतो आणि हातानं खुणा करतो. परेडमध्येही असतो तो. फक्त तेव्हा त्याच्या हातात चॉकलेटांची बादली असते, मुलांकडे फेकायला.

बुधवार ते शुक्रवार

मंगळवारी संध्याकाळी काकूंनी ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं होतं. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, पण जुनं असतं, म्हणून भाकरी कडेला तडकते. काकू त्याबद्दल दर वेळी माफी मागत. जेवताना माझं लक्ष फ्रिजवर लावलेल्या कागदाकडे गेलं. शनिवारच्या परेडचा क्रम. काकूंच्या मंडळाचं लेझीम पथक दोन वर्षांपासून वर्कशॉपच्या त्या गावच्या परेडला जायचं, हे मला ठाऊक होतं. काकूंनी स्वतःच्या पथकाभोवती लाल पेननं गोल काढला होता. चौदा नंबर, मराठी मंडळ, नोव्हाय. मी खालची ओळ वाचली. पंधरा नंबर, पोलिसांचं बचाव वाहन.

घास तोंडात फिरायला लागला. काकूंची उंची पाच फूटही नाही. लेझीममध्ये खाली वाकायचं असतं, मागे पाऊल टाकायचं असतं.

"काय झालं? मिरची लागली का?" काकूंनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी ताक दिलं.

बुधवारी मी काहीच केलं नाही. नुसती कागदावर गणितं केली. परेड चालीच्या वेगानं जाते, अंतर किती ठेवतात, ड्रायव्हर किती सावध असतो. सगळी उत्तरं बरी येत होती. तरी कागद दुमडून खिशात ठेवला की सात पावलं आठवायची.

गुरुवारी गाडी न्यायला सार्जंट आला. वॉल्श त्याचं नाव. पन्नाशीचा, उंच, शांत बोलणारा. मी ठरवून ठेवलं होतं की त्याला सांगायचं. वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं. त्यानं हात पुढे केला, मी हात मिळवला, आणि माझी नजर त्याच्या कमरेकडे गेली. पट्ट्याला पिस्तूल, बेड्या, आणखी चार वस्तू. मी दुसऱ्या देशाचा, तीन आठवड्यांचा पाहुणा, साहेबांनी गप्प राहायला सांगितलेलं. पाठ केलेलं वाक्य गेलं आणि तोंडातून आलं, "व्हेरी नाइस व्हेइकल, सर." तो थँक यू म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. शेड एकदम मोठी दिसायला लागली.

त्या दिवशी दुपारी डगनं मला सफरचंदाच्या बागेत नेलं. तिथे शरदात सफरचंदाचा ताजा, गढूळ रस आणि गरम डोनट मिळतात. आपल्याकडे उसाच्या गुऱ्हाळावर काकवी खायला जातात, तसे लोक कुटुंबासकट आले होते. मेपलची झाडं इतकी लाल की डोळे दिपत. डग विचारत होता, आवडलं का. मला कशाचीच चव लागत नव्हती, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मी दोन डोनट खाल्ले.

शुक्रवारी मी काकांशी बोललो. पूर्ण बोललो नाही. आमच्या कंपनीची चूक गाळली, गाडीतून पुढचं फार दिसत नाही एवढंच सांगितलं. काका म्हणाले, "अरे, पोलीस आहेत ते, ट्रेन्ड लोक. आणि तू व्हिजिटर आहेस. कशाला मध्ये पडतोस? उगाच प्रॉब्लेम क्रिएट होईल." मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. वडीलधाऱ्या माणसानं गप्प राहा म्हटल्यावर आपली जबाबदारी संपली असं वाटतं.

शनिवार

त्या शनिवारी खंडेनवमी होती. सकाळी काकूंनी काकांच्या पिकअपला झेंडूचा हार घातला, काकांच्या पान्या-पकडींना कुंकू लावलं, रियाच्या स्टेथोस्कोपलाही लावलं. मग थाळी झाकून बरोबर घेतली. रियानं विचारलं, ती कुणासाठी. काकू म्हणाल्या, "पोलिसांच्या गाडीची पूजा करणार आहे. आपल्याकडे पोलीस ठाण्यात आजच्या दिवशी शस्त्रपूजा होते. इथे कोण करणार त्यांची?"

"आई, दॅट थिंग केम फ्रॉम अ वॉर."

"मग तर पूजेची जास्तच गरज आहे," काकू म्हणाल्या.

परेडचे लोक शाळेच्या पार्किंगमध्ये जमले होते. शाळेचा बँड, जुने ट्रॅक्टर, घोड्यावरच्या मुली, बंब. आमच्या पथकातल्या बारा-तेरा बायका हिरव्या नऊवारीवर स्वेटर घालून उभ्या होत्या, कारण थंडी होती. आणि त्यांच्या मागे ती काळी गाडी. काकूंनी सार्जंट वॉल्शला पूजेबद्दल सांगितलं. मला वाटलं तो नाही म्हणेल. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, माझी आजीसुद्धा गाडीवर पवित्र पाणी शिंपडायची.

काकूंनी गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढलं. हात पोचेना, म्हणून खालच्या पोलादी पट्टीवर काढलं. हार लावला. पुढच्या दोन चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मग सार्जंटला समजावलं की गाडी हळू पुढे घेऊन लिंबं चिरडायची, म्हणजे पीडा जाते. तो हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कॅमेरावाला ना तू? चल वर, शेजारी बस."

मला सांगायची ही शेवटची वेळ होती. पण सगळे टाळ्या वाजवत होते, आणि एवढा मोठा पोलीस मला मान देऊन वर बोलवत होता. मी चढलो. खरं लिहायचं तर चढताना मला आनंद झाला. गावी हे कुणाकुणाला सांगायचं ते मनात येऊन गेलं.

दार लागलं आणि बाहेरचा आवाज बंद झाला. इंजिन सुरू झालं तसा बाकीचाही आवाज गेला. त्या जाड काचेतून मला लांबचे लोक दिसत होते, फोन वर धरलेले, हसणारे. डाव्या हाताला काका, व्हिडिओ काढत. काकू त्यांच्या शेजारी होत्या. खुणा करणारा पोलीस चॉकलेटांची बादली भरून घ्यायला गेला होता, हे मला नंतर कळलं. काकांनी फोन सांभाळत दुसरा हात वर केला आणि पुढे या, पुढे या अशी खूण केली. लिंबं फुटताना त्यांना चित्रीकरण हवं होतं. वॉल्शनं तीच खूण धरली.

मी काकूंना शोधलं. काकांच्या शेजारी त्या नव्हत्या. उजवीकडे नव्हत्या. पथकातल्या बायका मोजल्या, त्यांच्यातही नव्हत्या. लांबच्या पहिल्या माणसापासून आमच्या बॉनेटपर्यंतची जमीन रिकामी दिसत होती. ती तशीच दिसणार हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वॉल्शचा पाय ब्रेकवरून उचलला गेला. गाडी किंचित डुलली. मी दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला आणि मराठीत ओरडलो, "नको, नको, काकू आहेत."

ब्रेक लागला. माझं डोकं समोर आपटलं. त्याचा डावा हात स्टिअरिंग सोडून माझ्या छातीवर आला आणि मला मागे दाबून धरलं. दुसरा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याचे डोळे इतके जवळून मी पाहिले की अजून आठवतात. मला इंग्रजी शब्द सापडत नव्हते. "लेडी," मी म्हणालो. "फ्रंट. लेडी."

बॉनेटच्या उजव्या कडेखालून काकू वर आल्या. हातात लिंबू होतं. चाकाखालचं एक लिंबू घरंगळून गाडीच्या मधोमध गेलं होतं, आणि पूजा अर्धी कशी सोडायची म्हणून त्या ते परत ठेवायला वाकल्या होत्या. वॉल्शनं दार उघडलं तेव्हा त्या काकांना म्हणत होत्या, "थांबा ना जरा. एवढी काय घाई करून राहिले सगळे?"

वॉल्शनं इंजिन बंद केलं. खाली उतरून तो गाडीच्या नाकासमोर गेला आणि काकू वाकल्या होत्या तिथे गुडघ्यांवर बसला. मला म्हणाला, माझ्या जागेवर बस, आणि मला शोध. मी बसलो. साडेसहा फुटांचा माणूस दिसत नव्हता. मी तसं सांगितलं. तो उठून दाराशी आला. आवाज चढवला नाही.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून, सर."

"मी गुरुवारी आलो होतो. सांगितलं का नाहीस?"

मी त्याच्या जागेवरून खाली उतरलो.  मग त्यानं मान हलवली आणि वायरलेसवर कुणाशी तरी बोलला. गाडी त्या दिवशी पार्किंगमधून हलली नाही. हार घातलेली ती तिथेच उभी राहिली, आणि चौदा नंबरच्या मागे घोडे गेले.

रिया मला पार्किंगच्या कडेला बसलेली सापडली. तिनं बाहेरून सगळं पाहिलं होतं. हात तिनं जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतले होते. "शी डझंट नो," ती म्हणाली. "तिला काहीच कळलं नाहीये." रस्त्यावर लेझीम वाजत होती. काकू सगळ्यात पुढे होत्या.

शनिवार संध्याकाळ

काकूंना व्हिडिओवरून कळलं. घरी आल्यावर काका तो मंडळाच्या ग्रुपवर टाकायला गेले आणि पाहता पाहता थांबले. काकूंनी फोन हातातून घेतला. चित्रात त्या वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ते काळं नाक एकदा पुढे झुकून मागे गेलं. काकूंनी एकदाच पाहिलं. काका खुर्चीत बसून राहिले. पुढे या अशी खूण करणारा त्यांचा हात त्यांनीच चित्रात पाहिला होता.

मग मी सगळं सांगितलं. कोन, सात पावलं, कनेक्टर, साहेबांचा फोन, गुरुवार.  मी संपवल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे तुला मंगळवारी माहीत होतं. आणि चार दिवस तू माझ्या हातचं जेवलास."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं ताटं घेतल्याचा आवाज आला. माझंही घेतलं होतं. त्या रात्री मी जेवलो, पण काकूंनी वाढताना आणखी घे असं म्हटलं नाही. त्या घरात ते पहिल्यांदाच घडलं.

सोमवारी मी वर्कशॉपला, वॉल्शला आणि पुण्याला एकच अहवाल पाठवला, माझ्या नावानं. मोजमाप लिहिलं, कनेक्टर चुकीचा होता हे लिहिलं, आणि कॅमेरा बसेपर्यंत पुढे माणूस असल्याशिवाय गाडी हलवू नये असं लिहिलं. डगनं तो वाचला आणि प्रथमच विनोद केला नाही. वॉल्शचं एका ओळीचं उत्तर आलं, मिळाला, आभारी आहे. साहेबांचं उत्तर आलं नाही. मी पुण्याला परत आलो तेव्हा माझं टेबल जागेवर होतं, पण पुढच्या परदेशी कामाच्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढे काय होईल मला माहीत नाही.

निघताना काकूंनी चिवड्याचा डबा दिला. विमानतळावर काका म्हणाले, सांभाळून जा, आणि पिकअप मागे घेताना त्यांनी रियाला खाली उतरवून मागे उभं केलं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. तो झाल्यावर त्यांना जे पत्र लिहिलं, ते खाली देतो.

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही फोनवर सांगितलंत की आपल्याकडच्या पोलिसांना नवी गाडी आली, चांगली उंच, पांढरी. यंदा शाळेच्या प्रभातफेरीला ती बंदोबस्तासाठी मागे चालणार, आणि दरवर्षीप्रमाणे पहिलीच्या मुली आणि तुम्ही तिच्या पुढे. तुम्हाला कौतुक वाटत होतं. मी म्हणालो, हो बाई, छान झालं. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं.

म्हणून लिहितो. मिशिगनमध्ये माझ्यामुळे एका बाईचा जीव जायची वेळ आली होती. त्यांची उंची तुमच्याएवढीच आहे. मला चार दिवस आधी माहीत होतं. मी साहेबांना घाबरलो, पोलिसांना घाबरलो, आणि मोठ्या माणसांच्या आनंदात विघ्न आणायला घाबरलो. शेवटचं सगळ्यात जास्त. तुमच्यासमोरही मी त्यालाच घाबरलो.

तुमचा गुडघा दुखतो, तुम्ही चालताना थांबता, मुलींची रिबीन बांधायला खाली वाकता. तुम्ही वाकलात की त्या गाडीतल्या माणसालेखी तुम्ही तिथे नसता. तो कितीही भला असला तरी. तो तुमचाच विद्यार्थी असला तरी.

गाडी फेरीच्या पुढे असावी, नाहीतर चौकात उभी असावी. मागे नको. मुख्याध्यापकांना आणि ठाण्यातल्या साहेबांना मी वेगळी पत्रं पाठवली आहेत, माझी सही करून. त्यांना राग आला तर तो माझ्यावर येऊ द्या.

बाई, आजवर मी तुम्हाला फक्त विचारत आलो. कोणतं कॉलेज घेऊ, कोणती शाखा घेऊ, परदेशी जाऊ का. आज सांगतो आहे. त्या गाडीच्या पुढे चालू नका आणि मुलींनाही चालू देऊ नका.

पत्र मिळाल्यावर फोन करून नुसतं बरं म्हणू नका. बरं म्हणून गोष्ट तिथेच ठेवता येते, हे मला चांगलं माहीत आहे. गाडी कुठे उभी करायची ठरली, ते कळवा.

तुमचा विद्यार्थी,
संतोष